काजळवाडीला एक्क्याण्णव गुण

"सेवा हाच या शतकाचा खरा धर्म असून त्या धर्माचं पहिलं मंदिर आज काजळवाडीत उभं राहत आहे," असं अवधूत उमरीकर यांनी पंच्याण्णव सालच्या मार्चमध्ये उभ्या गावासमोर जाहीर केलं, आणि ते ज्या खोक्यावर उभे होते ते खोकं खाली बसलं.

खोकं भूकंपग्रस्तांसाठी आलेल्या दूध पावडरचं होतं. दीड वर्षात बऱ्याच थोर माणसांनी त्याच्यावर उभं राहून भाषणं केली होती आणि प्रत्येकाने आपापल्या परीने त्याला खचवलं होतं. शेवटचा मान अवधूतला मिळाला, इतकंच. तो गुडघ्यापर्यंत आत गेला, पण भाषण थांबवलं नाही. समोरचंही कुणी हसलं नाही. काजळवाडीने एका पहाटेत इतकं काही खाली बसताना पाहिलं होतं की एका खोक्याचं तिला काय!

अवधूतला अहोजाहो करावं असं त्याचं वय तेव्हा नव्हतं. अठ्ठावीस वर्षांचा, नांदेडचा, मास्तरांच्या घरातला मास्तर. तिथल्या एका कॉलेजात तो तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायचा, म्हणजे तासाला असायचा आणि बाकी वेळ नसायचा. एका परदेशी संस्थेला लातूरकडच्या भूकंपाच्या गावात दुभाष्या हवा होता, म्हणून तो इथे आला होता. तो ज्या मंदिराविषयी बोलत होता ते मंदिर बाजूला पत्र्याच्या खुर्चीवर बसून कलिंगड खात होतं. त्याचं नाव आन्नेके, देश हॉलंड, वय सव्वीस. कर्नाटकाची शीव जवळ असल्यामुळे मोठ्या बहिणीला अक्का म्हणायची गावाला सवय होती. दोन दिवसांत आन्नेकेची आनक्का झाली आणि वर्षभर तशीच राहिली.

आनक्का स्वयंसेवक आहे, म्हणजे बिनपगारी आहे, हे अवधूतने गावाला तीन वेळा समजावून सांगितलं. तिन्ही वेळा गावाला तिची दया आली.

"घरचं कुनी हाय का न्हाई हिला?" सुलतानबीने विचारलं.

"आहेत की. आई आहे, वडील आहेत. वडील डॉक्टर आहेत."

"मंग पोरीनं काय गुन्हा केला म्हनून इतक्या लांब धाडलं?"

सुलतानबी पिंजाऱ्याच्या घरातली, चाळिशीची बाई. भूकंपात तिचा नवरा करीम गेला, सासू गेली. दोन मुली आणि ती राहिली. आनक्काला तिने आपल्या घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवून घेतलं आणि तिसरी मुलगी मोजायला सुरुवात केली.

नवं गाव वहीच्या कोऱ्या पानासारखं होतं. सरळ ओळी, डावीकडे समास सोडलेला. दीडशे स्लॅबची घरं, रुंद रस्ते, आणि चार हापसे. चारही हापशांतून पाण्याऐवजी आवाज यायचा. पाणी होतं ते जुन्या गावच्या विहिरीला, अडीच किलोमीटरवर. गाव उचलून दुसरीकडे नेता येतं, विहीर येत नाही, ही गोष्ट नकाशा काढणाऱ्याच्या ध्यानात राहिली नव्हती. त्यामुळे बायका रोज सकाळी पाण्यासाठी त्याच ढिगाऱ्यात परत जायच्या, जिथून त्यांना सरकारने एवढा खटाटोप करून बाहेर काढलं होतं.

आनक्काही त्यांच्याबरोबर जायची. तिचा दिवस पाचला सुरू व्हायचा. बादलीभर पाण्यात अंघोळ, त्याच पाण्यात कपडे, उरलेलं कढीपत्त्याला. मग विहीर. मग घरोघर जाऊन लहान लेकरांची वजनं, कुणाच्या पायाची जखम, कुणाच्या शेळीची. दुपारी ती सुलतानबीकडे भाकरी थापायला शिकायची. तिच्या भाकरीला हॉलंडच्या समुद्रकिनाऱ्याचा आकार यायचा, आणि ती भाकरी शेळीसुद्धा आधी वास घेऊन मगच खायची. संध्याकाळी ती कंदिलाशी बसून आईला पत्र लिहायची. तिचं मराठी अवधूतने शिकवलं तसं आलं नाही, सुलतानबीने बोललं तसं आलं. "मी येऊन राहिले, सर," असं ती लांबून ओरडायची. अवधूत ते दुरुस्त करायचा. गाव त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं.

अवधूत एकदा भाषांतरासाठी म्हणून विहिरीवर गेला होता. वाटेत एका दगडांच्या ढिगाशी सुलतानबी थांबली. म्हणाली, "इथं चूल हुती," आणि पुढे चालू लागली. आनक्का तिथे रोज थांबायची. अवधूतने तोंड उघडलं, पण भाषांतर करण्यासारखं काही नव्हतं. पुन्हा तो गेला नाही.

आता मुद्द्याचं. आनक्काचं वर्ष संपत आलं तेव्हा तिची संस्था त्या भागात एक पाणी योजना करणार होती. जुन्या विहिरीवर मोटर, तिथून नळ, गावात टाकी. गावं दोन होती, काजळवाडी आणि शेजारचं बोरखेडी, योजना एक. कुणाला द्यायची ते ठरवण्यासाठी दिल्लीहून दोन पाहुणे येऊन लोकांना पन्नास प्रश्न विचारणार होते. प्रत्येक उत्तराला शून्य ते दोन गुण. आनक्काने त्या दिवशी गावात थांबायचं नाही असा नियम होता. ती गावात राहते, म्हणजे तिला गावाविषयी प्रेम असणार. आणि ज्याला प्रेम आहे त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही, अशी त्या संस्थेची शास्त्रीय पद्धत होती.

प्रश्न मराठीत करायला अवधूतकडे आले. आठ दिवस आधी.

मास्तरांच्या घरात वाढलेल्या माणसाला हे काय वाटलं असेल ते सांगता येत नाही. अवधूतच्या उभ्या आयुष्यात एकही प्रश्नपत्रिका त्याच्या हातात वेळेआधी आली नव्हती. इतर मुलांच्या हातात आल्याचं तो ऐकून होता. त्याने ते आठ कागद छातीशी धरले आणि सरळ सरपंचांचं घर गाठलं.

सरपंच माणिकप्पा ओसरीत बसले होते. अंगात फ्रान्सकडून मदत म्हणून आलेला लोकरी कोट. मार्चमध्ये. कोटाला चार खिसे होते, आणि सरपंचांच्या मते चार खिशांचा कोट ऋतू बघून घालायचा नसतो.

"सरपंच, पेपर फुटला," अवधूत म्हणाला.

"कोनचा?"

"आपल्या गावाचा."

माणिकप्पांनी कागद उलटेसुलटे बघितले. "अवघड हाय का?"

"पन्नासच्या पन्नास सोपे आहेत. आठ दिवस द्या मला. गाव पहिलं आणून दाखवतो."

"आनायलाच पायजे, सर. दिल्लीच्या मानसांपुढं गावाची शोभा नको व्हायला."

हे वाचताना तुमच्या मनात जो प्रश्न आला, पाणी पहिल्या नंबराला मिळणार की शेवटच्या, तो त्या ओसरीत कुणाच्याही मनात आला नाही. इथे पहिल्या नंबराला बक्षीस मिळतं. आदर्श गावाला ढाल मिळते, आदर्श मास्तराला शाल मिळते, बोर्डात आलेल्याला मेडिकलची सीट मिळते. शेवटच्या नंबराला काही मिळाल्याचं उदाहरण दोघांनीही पाहिलं नव्हतं. अवधूतला आनक्काला विचारता आलं असतं. ती वीस पावलांवर शेळीच्या पायाला पट्टी बांधत होती. पण परीक्षकाला पेपरविषयी विचारायचं नसतं, हे त्याला लहानपणीच शिकवलं होतं.

दिवेलागणीला, आनक्का कंदिलाशी पत्र लिहीत असायची तेव्हा, समाजमंदिरात वर्ग सुरू झाले; तिला कुणी सांगायचं नाही असं ठरलं. बायका उजवीकडे, पुरुष डावीकडे.

"प्रश्न सातवा. पिण्याचं पाणी कसं वापरता?"

"तांब्यानं," मागून कुणीतरी म्हणालं.

"गाळून आणि उकळून! म्हणा सगळे."

"गाळून आनि उकळून!"

"प्रश्न अकरावा. गावात भांडणं होतात का?"

इथे दोन भावांत भांडण झालं. उत्तर काय द्यायचं यावरून. ते मिटवून अवधूत पुढे गेला.

"प्रश्न चौदावा. पाणी आणायला किती वेळ लागतो? सुलतानबी, तुम्ही सांगा."

"सकाळ जाती समदी," सुलतानबी म्हणाली. "दोन खेपा करायच्या म्हनलं की ऊन डोक्यावर येतंय."

"चूक. वीस मिनिटं."



"वीस मिन्टांत तर मी विहिरीतनं पोहरा काढीन, सर."

"सुलतानबी, वेळ जितका कमी तितके गुण जास्त. समजून घ्या."

"समजून राहिले मी. पन पानी मागायचंय आनि पानी जवळच हाय म्हनून सांगायचं, हे कसं काय?"

त्या समाजमंदिरात आठ दिवसांत विचारला गेलेला एकमेव शहाणा प्रश्न हा होता. अवधूतमधला मास्तर मदतीला धावून आला.

"परीक्षेत खरं लिहून कोण पास झालंय, सांगा मला?"

सुलतानबीने विचार केला. तिच्या ओळखीत परीक्षा दिलेलं कुणी नव्हतं. "तुमी शिकलेले," ती म्हणाली, आणि पाठ करू लागली. ती वर्गातली सगळ्यांत कच्ची विद्यार्थिनी होती. वीस मिनिटं म्हणताना तिची जीभ दर वेळी अडायची. अवधूतने तिच्याकडून ते चाळीस वेळा म्हणून घेतलं.

दिल्लीचे पाहुणे आले. एक उंच गृहस्थ, एक बाई. आनक्का सकाळीच सायकलवरून लातूरला निघून गेली होती. जाताना गावाकडे बघून तिने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली, जशी तिच्या देशात परीक्षेला निघालेल्या मुलासाठी गुंतवत असतील.

काजळवाडी तळपली. पाणी उकळत होती, मुलींना शाळेत घालत होती, संडास वापरत होती, आणि अकराव्या प्रश्नाला तर दोघं भाऊ गळ्यात हात घालून उभे राहिले. संडासांत कडबा भरलेला होता, तो आदल्या दिवशी काढून देवळामागे रचला होता. अवधूत भाषांतर करत होता आणि त्याच्या अंगावर मूठभर मांस चढत होतं.

मग सुलतानबीच्या दारात चौदावा प्रश्न आला.

"वीस मिन्टं," ती म्हणाली. एका दमात. न अडखळता.

उंच गृहस्थांनी लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. त्यांनी तिच्या टाचा बघितल्या. भेगा बघितल्या. मग ते अवधूतला हळूच म्हणाले, "तिला पुन्हा विचारा. नक्की ना? घाई नाही."

अवधूतने विचारलं. सुलतानबी उत्तर द्यायच्या आधी त्याच्याकडे बघत राहिली. फार वेळ नाही. घोटभर पाणी प्यायला लागेल इतकाच. तेवढ्यात त्याला सगळं थांबवता आलं असतं. "ही बाई रोज चार तास चालते," हे इंग्रजीत पाच-सहा शब्दांचं वाक्य आहे, आणि अवधूतचं इंग्रजी चांगलं होतं.

त्याने होकारार्थी मान हलवली.

"वीस मिन्टं," सुलतानबी म्हणाली.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. काजळवाडीला शंभरपैकी एक्क्याण्णव. बोरखेडीला चौतीस.

त्या संध्याकाळी काजळवाडीत पेढे वाटले गेले. माणिकप्पांनी कोटावरच फेटा बांधला आणि दुसरा अवधूतच्या डोक्यावर बांधला. बोरखेडीच्या लोकांची चेष्टा करायला दोघं-तिघं मुद्दाम सायकलवरून तिकडे गेले, आणि तासाभराने ढकलल्यासारखे परत आले. बोरखेडीत नळासाठी चर खणायची जागा आखत होते. पांढऱ्या फक्कीने. काजळवाडीच्या विहिरीपासून.

माणिकप्पांनी फेटा सोडायला घेतला. तो बराच लांब होता. "सर," सोडता सोडता ते म्हणाले, "पहिला नंबर आपला आला न्हवं?"

"हो."

"मंग?"

अवधूतने डोक्यावरचा फेटा काढून त्याची घडी घालायला घेतली.

आनक्काने हॉलंडला पत्रं पाठवली, दिल्लीला पाठवली. दिल्लीहून उत्तर आलं की गावाने स्वतःच्या तोंडाने जे सांगितलं त्याचा मान राखणं हे आमचं तत्त्व आहे. ती अवधूतकडे आली. पायरीवर बसली.

"ते असं का म्हणाले, सर? मी रोज त्यांच्याबरोबर चालले."

अवधूतने चष्मा काढून पुसला. "स्वाभिमानी लोक आहेत, आनक्का," तो म्हणाला. "परक्यापुढे हात पसरणार नाहीत."

हे वाक्य इतकं सुंदर होतं की त्याला स्वतःलाच खरं वाटून गेलं. आनक्काने मान खाली घातली. जायच्या आदल्या दिवशी समाजमंदिरात उभी राहून तिने सुलतानबीच्या मराठीत सगळ्या गावाची माफी मागितली. म्हणाली, मी वर्षभर राहून राहिले, पन मला तुमचं मन कळलं न्हाई. चुकी माझी हाय. बायका रडल्या. अवधूत पहिल्या रांगेत बसला होता. त्या दिवशी भाषांतराची गरज कुणालाच नव्हती, त्यामुळे तो गप्प बसला तरी चाललं.

दुभाष्याची नोकरी संपली तेव्हा अवधूतच्या हातात एकच शोध उरला होता. ज्यांनी पाटी धरली नाही अशा तीनशे माणसांना आठ दिवसांत एक्क्याण्णव गुण पाडता येतात. तो नांदेडला परतला, इंदूशी लग्न केलं आणि तिला घेऊन लातूरला गेला. तिथे तेव्हा असे शोध लागलेली बरीच माणसं जमत होती. त्याने एक हॉल घेतला. वर्षाच्या आत दोन झाले. मग तीन मजली इमारत. दारावर गुणवंतांचे फोटो लागले, दरवर्षी मोठे होत गेले. नांदेड, देगलूर, उमरी, कुठून कुठून आईबाप ट्रंका घेऊन येऊ लागले. "उत्तर विचारांत नसतं, अपेक्षेत असतं," हे सरांचं वाक्य मुलांच्या वह्यांवर छापलेलं असायचं. ते कुठे सुचलं हे कुणी विचारलं नाही.

इंदूला ठाऊक होतं. तिने ते सतरा वर्षांत दोनदाच बोलून दाखवलं. एकदा नळाला पाणी नव्हतं तेव्हा. "वीस मिनिटांत येईल," ती म्हणाली, आणि कढईकडे वळली. दुसऱ्यांदा, दोन हजार तेराच्या दुष्काळात, आनक्काचा ई-मेल आला तेव्हा.

आनक्का आता तिकडे एका कॉलेजात, परदेशी खेड्यांत कामाला निघालेल्या मुलामुलींना शिकवत होती. तिने लिहिलं होतं की माझं दरवर्षीचं पहिलं व्याख्यान काजळवाडीवर असतं. वर्षभर गावात राहून, गावाचं पाणी वाहूनसुद्धा गावाचा स्वाभिमान मला कसा कळला नाही, हे मी मुलांना सांगते. माझ्या दुभाष्याला तो कळला होता. आता त्यावर पुस्तक होतंय. त्यात तुमचं नाव घातलं तर चालेल का, सर?

अवधूत सरांनी ई-मेल बंद केला. पुन्हा उघडला. इंदू पाठीमागे उभी होती.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"तिला नंतर लिहा. आधी जिथं केलंत तिथं जाऊन सांगा," इंदू म्हणाली. "आणि अहो, भाषण करू नका."

ते रविवारी निघाले. पांढरा सफारी, काळी गाडी. वाटेत त्यांनी जे बोलायचं ते मनात तयार केलं. नको नको म्हणताना त्याला प्रस्तावना, तीन मुद्दे आणि समारोप झाला. काजळवाडीत माणिकप्पा राहिले नव्हते. सरकारी नळ मधल्या काळात आला होता आणि त्या वर्षी दुष्काळात इतर सगळ्यांसारखाच बसून होता. सुलतानबी घरी नव्हती. शेजारणीने हात करून दाखवलं, जुन्या गावाकडे.

गाडी जिथवर जाते तिथवर नेऊन सर पुढे चालत गेले. घड्याळ बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण हाताला सवय असते. विहिरीशी पोचायला त्यांना बत्तीस मिनिटं लागली. रिकाम्या हाताने.

सुलतानबी विहिरीच्या काठाशी एकटीच होती. साठीची झाली होती. पाठीला बाक आला होता. त्यांना बघून तिने डोळ्यांवर हात धरला.

"कोन? मास्तर व्हय? लई जाड झालाव."

सरांनी सुरुवात केली. प्रस्तावना गळून पडली, तीन मुद्दे एकमेकांत मिसळले. पेपर हातात आला होता. आनक्काला विचारायला हवं होतं, विचारलं नाही. त्या माणसाने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी मान हलवली. तुमचं पाणी मी घालवलं, सुलतानबी. आणि ती पोर सगळं स्वतःवर घेऊन गेली, मी समोर बसून ऐकलं. हजार मुलांसमोर माइक न घेता बोलणारा माणूस एका बाईपुढे वाक्यं अर्धी सोडत होता.

सुलतानबीने पोहरा काठावर ठेवला. ओल्या हातांनी पदर नीट केला.

"मला तवाच कळलं हुतं," ती म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले की. समाजमंदिरात. तुमी म्हनलाव चूक."

सरांनी जुन्या गावाकडे नजर वळवली. वारा नव्हता. ढिगाऱ्यांवर वेडी बाभूळ माजली होती आणि कुठला दगड कुणाच्या घराचा हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

"पोरींची लग्नं झाली?" शेवटी त्यांनी विचारलं.

"झाली. दोघींच्या घरी नळ हाय. धाकटी तर बोरखेडीतच दिली," सुलतानबी म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. "नळ बघूनच दिली."

सरांना हसता आलं नाही. त्यांनी हात जोडले. ते ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाले. माफी हा शब्द त्यात दोनदा आला. आता ती रडेल, किंवा रागावेल, किंवा अल्लाचं नाव घेऊन माफ करेल, आणि काहीही केलं तरी आपण ते सोसायचं, अशी त्यांनी मनाची पूर्ण तयारी केली.

सुलतानबीने त्यांच्याकडे बघितलं. मग चुंबळ डोक्यावर ठेवली आणि भरलेल्या घागरीकडे बोट दाखवलं.

"झालं असंल बोलून, तर उलीसा हात लावा इकडून. आनि सांडू नका."